सोडलेली रेघ

अक्कांनी मला खोली दिली ती माझ्या उभं राहण्यावरून.

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मला नोकरी लागली होती. मी अमरावतीकडचा, कोल्हापुरात ओळखीचं कुणी नाही. शाहूपुरीत गुळाच्या एका अडत दुकानाच्या जिन्याजवळ ‘खोली भाड्याने देणे’ अशी पाटी दिसली, म्हणून वर गेलो. दार उघडलं ते साठी ओलांडलेल्या एका उंच, सडपातळ बाईंनी. कपाळावर विभूती, अंगावर फिकट सुती पातळ, आणि उजव्या हाताची बोटं शाईनं काळी. मी नाव, गाव, कंपनी असं सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

“तितंच उभारा. बोलू नका.”

कोल्हापुरात उभं राहण्याला उभारणं म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण आवाजच असा होता की मी होतो तसा थांबलो. बाई आत गेल्या, एक लाकडी पाटी, कागद आणि शाईचं सामान घेऊन आल्या आणि दारातच खाली बसून टाकानं काहीतरी रेघा मारू लागल्या. मग ब्रश पाण्यात बुडवून त्यांनी कागदावर एकाच ठिकाणी टेकवला, जरासा ओढला आणि उचलला. माझ्या पाठीवर बॅग होती, घाम येत होता, रस्त्यावरचे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते.

“सगळा भार डाव्या पायावर टाकलाईस,” त्या कागदाकडे बघत म्हणाल्या. “उजवा नुसता जोडीला हाय. लई दमलाईस तू. आत ये, च्या घे.”

“आणि खोली?”

“घे की. छाती काढून उभारणाऱ्याला मी खोली देत न्हाय. त्येला खोली लागतच न्हाय, आरसा लागतोय.”

मी त्या घरात राहिलो तोवर त्यांनी मला पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही. पण कामावरून परतलो की जिना चढतानाच्या पावलांवरून दिवस कसा गेला ते त्या स्वयंपाकघरातून ओरडून सांगायच्या, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

त्यांना सगळेच अक्का म्हणत. त्यांचं मूळ गाव सीमेकडचं, घरात अर्धं बोलणं कानडीत. मला त्या ‘तम्मा’ म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. खाली गुळाची अडत त्यांचे सख्खे भाऊ चालवायचे, त्यांना अण्णा म्हणत. अक्का मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इथल्या बऱ्याच बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलायच्या. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे माझी आई फोनवर ‘मी येते’ म्हणाली की तेच कानाला विचित्र वाटू लागलं.

अक्का फक्त माणसं काढायच्या. देऊळ नाही, तळं नाही, फुलं नाहीत. माणूस, तोही काळ्या शाईत. सामान म्हणजे एक टाक, घासून गुळगुळीत झालेली निब, शाईची दौत, एक जाड ब्रश आणि स्टीलचे तीन पेले. एका पेल्यात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात घाण पाणी, तिसऱ्यात चहा. तिन्ही पेले एकाच घडणीचे. पाहुण्याच्या चहात ब्रश बुडवणं हे त्या घरात नेहमीचंच, आणि अक्का त्यावर माफी मागायच्या नाहीत. उलट कागदावर उतरलेला तो तपकिरी डाग न्याहाळत म्हणायच्या, “पत्ती कमी पडली वाटतं.”

लहानपणी त्या वडिलांच्या गादीशेजारी बसून गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, वाहणारे हमाल काढायच्या. ती सवय शेवटपर्यंत राहिली. “मोकळा चालताना सगळा गाव सारखा दिसतोय,” त्या म्हणायच्या. “पाठीवर रवा ठेव, मग एकेक माणूस निराळा दिसतोय.” त्यामुळे कुठलंही चित्र बघताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: “जड कुठं हाय?”

रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीला त्या आठवड्याची चित्रं चिमट्यांनी लटकायची. ज्याला यायचं त्यानं यावं. जुन्या विद्यार्थिनी यायच्या, कुणी शिक्षक, कुणी शेजारी, एखादा नुसताच पोह्यांसाठी आलेला. पण तिथे काही शब्दांना बंदी होती. ‘छान’ चालत नसे. ‘हुबेहूब’ म्हटलं की अक्का त्या माणसाचं नावच टाकायच्या. एकदा एक डॉक्टर आले होते, मोठे, मानाचे. दोरीपुढे उभे राहून ते म्हणाले, “वा, किती सुंदर!”

“सुंदर बगायचं आसंल तर रंकाळ्यावर जावा,” अक्का म्हणाल्या. “तितं सूर्य मावळतोय संध्याकाळी. हितं ही म्हातारी भाजीची बुट्टी उतरवतीया. तिची कंबर दुखत्या का न्हाय ते सांगा. तुम्ही डाक्टर हाय की.”

डॉक्टर भले माणूस. चष्मा काढून, पुसून, परत घालून त्यांनी नीट बघितलं. म्हणाले, “दुखतेय. उजव्या बाजूला.”

“आता च्या घ्या,” अक्का म्हणाल्या.

माझं कामच दोष शोधायचं. ओतीव सुट्या भागांत कुठे भोक राहिलंय, कुठे तडा गेलाय, ते बघून खडूनं खूण करायची. तीच नजर घेऊन मी पहिल्या रविवारी गच्चीवर गेलो. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईचं चित्र होतं. तिच्या खांद्यावरची रेघ मधेच थांबली होती आणि बोटभर अंतर सोडून दंडावर पुन्हा सुरू झाली होती. मी बोट ठेवलं. “अक्का, इथे रेघ तुटलीय.”

“तुटली न्हाय. सोडलीया.”

“म्हणजे?”

“तितं ऊन पडलंय. उन्हात खांदा कुठं संपला आन् आभाळ कुठं लागलं, तुला दिसतंय काय? मला तर दिसत न्हाय. मग खोटी रेघ कशाला मारू?”

मग त्यांनी मला खाली बसवून हाताला धरून शिकवावं तसं बघायला शिकवलं. शाईची रेघ ओली असताना तिला पाण्याचा ब्रश एका बाजूनं लावला की ती त्या बाजूला फुटते आणि तिच्यातूनच सावली निघते; ही पाण्यानं पसरलेली शाई म्हणजे वॉश. दुसरी बाजू मात्र करकरीत राहते. जिथे रेघ पक्की हवी तिथे ती वाळू द्यायची, मग वर कितीही पाणी फिरवा. कधी थांबायचं, कधी घाई करायची, सगळा खेळ त्यातच. “रेघ सांगत्या माणूस काय करतोय. वॉश सांगतोय त्येला ते किती जड पडतंय,” त्या म्हणायच्या. मी पुढे पुष्कळ चित्रं बघितली, पण बघायचं कसं हे तिथे गच्चीवर, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या मधे शिकलो.

आणि त्यांची ती माणसांना थांबवायची सवय! भाच्याच्या लग्नात अण्णा मठाच्या स्वामींच्या पाया पडायला वाकले, तर पहिल्या रांगेतून अक्का ओरडल्या, “अण्णा, तसंच ऱ्हा!” सबंध मांडव बघतोय, फोटोवाला बघतोय, स्वामींचा आशीर्वादाचा हात हवेत. अण्णा बिचारे बहिणीच्या धाकानं वाकलेलेच राहिले. अक्का पर्समधून कागद काढून रेघा मारतायत. शेवटी अण्णांची पाठ धरली आणि दोघांनी मिळून त्यांना सरळ केलं. अण्णा त्यानंतर बरेच दिवस वर जेवायला आले नाहीत. आले तेव्हा दाराशीच म्हणाले, “कागद आत ठिव, मग येतो.”

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण अक्का एखाद्याला फार लागेल असंही बोलायच्या, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातही नसायचं. आमच्या मामांच्या बाबतीत तेच झालं.

मामा आमच्या फाउंड्रीत पॅटर्न शॉपला होते. म्हणजे ज्या लाकडी नमुन्यावरून साचा करतात ते नमुने बनवायचं काम. वयानं मोठे, म्हणून सगळे मामा म्हणत. घर कळंब्याच्या पलीकडे, थोडी शेती, गोठ्यात एक म्हैस. त्यांचा थोरला मुलगा मी गेटवर कधीमधी पाहिला होता. मामांचा डबा राहिला की तो आणून द्यायचा, गाडी बंद न करताच. दिवसा एका गॅरेजला काम करायचा, सकाळ-संध्याकाळ घरची धार काढायचा. एका पावसाळी दिवशी हायवेवर त्याची गाडी घसरली आणि तो गेला.

मामा दिवसकार्य उरकून कामावर आले, पूर्वीसारखेच गप्प. काही महिने गेले. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याशेजारी येऊन बसले.

“सायेब, तुमच्या घरमालकीणबाई माणसांची चित्रं काढत्यात म्हनं?”

“काढतात.”

“आमच्या पोराचं काढतील काय?”

ते सांगत राहिले. मुलाचा एकच धड फोटो होता, लायसन्सवरचा. तो स्टुडिओत देऊन मोठा करून आणला. स्टुडिओवाल्यानं हौसेनं त्याला कोट चढवला, टाय लावला, मागे निळा पडदा केला, चेहरा उजळून दिला. घरी आणून हार घातला, तर मामी म्हणाल्या, “ह्यो कोन सायेब आणून लावलाय?” त्या दिवसापासून त्या भिंतीकडे बघतच नाहीत.

“रडत न्हाय,” मामा म्हणाले. “रडली आसती तर बरं झालं आसतं. परवा मला म्हटली, मला त्येचं तोंड आठवना झालंय. रातभर आठवाय बघतो, आन् डोळ्याम्होरं त्यो कोटवालाच येतोय.”

मला अक्कांचा स्वभाव माहीत होता. फोटोवरून त्या कधीच चित्र काढत नसत. फोटोत वजन नसतं म्हणायच्या. तरी मी मामांना रविवारी बोलावलं. गच्चीवरची माणसं पांगल्यावर ते आले, पिशवीतून तो कोटाचा फोटो काढला आणि सगळं सांगितलं.

अक्कांनी फोटो हातातसुद्धा घेतला नाही. “मेलेल्या माणसाचं मला जमत न्हाय,” त्या म्हणाल्या. “समोर माणूस लागतंय. दुसऱ्या कुनाला तरी बगा.”

मामांनी फोटो पुन्हा पिशवीत घातला. जिन्यावरून उतरताना त्यांनी कठड्याला धरलं होतं.

मी पहिल्यांदाच अक्कांवर चिडलो. “नाही म्हणायचं तर नीट म्हणता येतं. ‘मेलेल्या’ काय? त्यांचा मुलगा गेलाय.”

“मग काय खोटं बोलू? काढतो म्हणू आन् बाहुली करून देऊ? त्या स्टुडिओवाल्यानं केली तशी?”

“निदान माणसाला बसा तरी म्हणायचं होतं.”

त्या दोरीवरचे चिमटे काढू लागल्या. मी खोलीत निघून गेलो. त्या दिवशी आमच्यात बोलणं झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग मी कामावर निघालो तर त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या.

“तम्मा, त्यो पोरगा उभारायचा कसा?”

मला कळेना. “गाडीवरच असायचा. एक पाय खाली.”

“कुठला पाय? दाखव.”

मी जिन्याच्या पायरीवर, हवेतल्या गाडीवर बसल्यासारखा पाय टेकवून दाखवला. त्यांनी तोंड वाकडं केलं. “तू न्हाय. तुझ्यात तूच दिसतोयस. त्येच्या घरी चल.”

संध्याकाळी मी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून निघालो. काखेत पाटी, एका मुठीत शाईची दौत, दुसऱ्या हातानं माझा खांदा धरलेला. मामांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. भिंतीवर कोटातला फोटो, हार सुकलेला. मामी आत चुलीपुढे होत्या. त्यांनी मान वर केली, पदर सारखा केला आणि पुन्हा भाकरीकडे वळल्या. धाकटी मुलगी कॉलेजला जाणारी, तिनं पाणी आणलं.

अक्का जमिनीवर बसल्या. फोटोकडे त्यांनी पाठ केली.

“परवा मी वंगाळ बोललो,” त्या मामांना म्हणाल्या. “तुमच्या पोराला मी कधी बघितला न्हाय. तुम्ही बघितलाय. त्यो घरात कसा बसायचा, ते बसून दाखवा.”

मामा गोंधळले. मग भिंतीला टेकून, पाय लांब करून बसले. “ह्या असा. टीव्हीम्होरं.”

“न्हाय बाबा,” मुलगी म्हणाली. “टेकून नव्हता बसत. दादा असा.” ती बसली, एक गुडघा वर, त्यावर कोपर, हातात नसलेला मोबाईल. मामा म्हणाले, कोपर न्हवं, हनुवटी टेकायचा. मुलगी म्हणाली, हनुवटी फक्त परीक्षेच्या वेळी. दोघं आधी हळू बोलत होते, मग भांडल्यासारखे मोठ्यानं बोलायला लागले. अक्का नुसत्या बघत होत्या. टाक अजून कोरडाच होता.

तेवढ्यात आतून मामींचा आवाज आला.

“त्यो घरात बसायचाच कवा? गोठ्यात असायचा त्यो.”

त्या बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच. कुणाकडे न बघता मागच्या दारानं गोठ्यात गेल्या. आम्ही सगळे मागोमाग गेलो. धारेची वेळ झालीच होती. म्हैस त्यांच्याकडे वळून बघत होती. मामींनी बादली घेतली आणि म्हशीजवळ उकिडव्या बसल्या.

“मी असा बसतो,” त्या म्हणाल्या. मग जरा सरकल्या. डावा पाय पुढे घेतला, पाठ गोल केली आणि कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं. “आन् त्यो असा. डावा गुडगा पुरा मिटायचा न्हाय त्येचा. बारका असताना झाडावरनं पडलता. डोकं असं टेकून डोळं मिटायचा. मी म्हणायचो, झोपलास काय रं? तर म्हणायचा, आई, हिच्या पोटात आवाज येतोय, तू पण ऐक.”

त्या तशाच बसून राहिल्या, मुलाच्या बसण्यात. अक्का शेणाच्या सारवणावर बसल्या आणि त्यांनी टाक शाईत बुडवला.

त्या दिवशी बरीच चित्रं झाली. मामींनी एकेक बघितलं आणि म्हणाल्या, “ह्यो न्हाय. ही मी हाय.”

मला वाटलं अक्का चिडतील. त्या चित्र लांब धरून, डोळे बारीक करून बघत राहिल्या. “खरं हाय,” त्या म्हणाल्या. “ही पाठ बाईची हाय. चुकलं माझं.”

मग आम्ही पुन्हा गेलो, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी धारेच्या वेळेला. मामांचे गुडघे धरलेले, त्यांना उकिडवं बसता येईना, पण खांदे मुलाला त्यांचेच आले होते. ते शर्ट काढून स्टुलावर बसले. मान बहिणीसारखी, असं मामी म्हणाल्या, म्हणून ती वेणी वर बांधून बसली. गुडघा आणि कपाळ मामींचं. आधी लाजत होते, मग एकमेकांना ओरडू लागले. “वाक की अजून.” “एवढं न्हाय ओ बाबा, दादाला पोट हुतं काय?” एकदा मामी हसता हसता थांबल्या आणि आत निघून गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चहा घेऊन आल्या.

शेवटच्या संध्याकाळी अक्कांनी कुणालाच बसायला सांगितलं नाही. “आज सगळे बाजूला बसा. म्हस तेवढी ऱ्हाऊ दे.” त्यांनी कोरा कागद पाटीला लावला आणि बराच वेळ काहीच केलं नाही. मग कानामागून एक रेघ निघाली, मानेवरून उतरली, पाठीच्या गोलाईवरून कमरेपर्यंत गेली. दुसरी रेघ डाव्या गुडघ्याची, तो पुरता न मिटणारा. मग बादली, मग हात. खांद्यावर रेघ सोडलेली होती. म्हशीला मात्र त्यांनी एकही रेघ मारली नाही. जाड ब्रश शाईपाण्यात भिजवून एकदम काळाभोर वॉश टाकला, आणि कागदावर म्हैस उभी राहिली, ऊबदार, अवजड. जिथे मुलाचं कपाळ तिला टेकलं होतं तिथली रेघ अजून ओली होती. वॉश तिथे पोचला तशी ती रेघ विरघळली आणि कपाळ म्हशीच्या अंगात मिसळून गेलं.

मामा हळूच म्हणाले, “तोंड न्हाय काढलं?”

“तोंड म्हशीकडं हाय,” अक्का म्हणाल्या. “आपल्याला हितनं कसं दिसंल?”

मामी पदराला हात पुसत पुढे आल्या. वाकून बघितलं. मला त्यांचा फक्त एका बाजूनं चेहरा दिसत होता.

“बादली कलती धरलीया,” त्या म्हणाल्या. “कितींदा सांगितलं तुला. सरळ धर की रं. सांडंल ना दूध.”

आणि तिथेच, गोठ्याच्या दगडावर बसून त्या रडायला लागल्या. मुलगी धावली, पण मामांनी तिला हातानं अडवलं. अक्का खाली मान घालून निब पुसत होत्या. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

परत येताना कळंब्याच्या तळ्यावरून वारा येत होता. गाडी शहरात शिरली तेव्हा मागून अक्का म्हणाल्या, “तम्मा, डाव्या खांद्याला वॉश जरा जास्त झाला.” मी आरशात बघितलं. त्या शाईच्या बोटांनी डोळे पुसत होत्या आणि गालभर काळं झालं होतं.

चित्र मामींनी स्वयंपाकघरात लावलं, अगदी खाली, चुलीजवळ, भाकऱ्या थापायला बसलं की डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर. धुरानं खराब होईल असं मी म्हणालो, तर मामा म्हणाले, व्हऊ दे. कोटातला फोटो बाहेरच्या खोलीत राहिला, पाहुण्यांसाठी.

पुढे अक्कांच्या जुन्या विद्यार्थिनींनी त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. अक्का आधी नको म्हणाल्या, मग हो म्हणाल्या, आणि मग स्वतःच चित्रं निवडायला बसल्या. भिंतीवर काय कुठे लागणार हे त्यांनी ठरवून टाकलं. मधल्या भिंतीवर गोठ्यातलं चित्र. ते मागायला आम्ही दोघं कळंब्याला गेलो.

मामींनी ऐकून घेतलं. “किती दिवस लागंल?”

“आठवडाभर.”

“मग न्हाय जमायचं. आठवडाभर धार कुणी काढायची?”

त्या चेष्टा करत होत्या की खरंच म्हणत होत्या, मला कळलं नाही. मी मामांकडे बघितलं, मामा जमिनीकडे बघत होते. अक्का मात्र क्षणभरही थांबल्या नाहीत.

“व्हय की,” त्या म्हणाल्या. “हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय.” आणि चहा पिऊन आम्ही रिकाम्या हातानं परत आलो.

प्रदर्शनात मधल्या भिंतीवर त्यांनी ती जागा मोकळीच ठेवली. विद्यार्थिनी म्हणाल्या, अक्का, इथे विहिरीवरची बाई लावू या, बरं दिसत नाही. अक्का म्हणाल्या, “दिसू दे.” एक खिळा तेवढा ठोकलेला. बघायला येणारे तिथे यायचे, थबकायचे, खिळ्याकडे बघून पुढे जायचे.

शेवटच्या दिवशी मामा, मामी आणि मुलगी आली. मामी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. पायातल्या चपला दाराबाहेर काढल्या, आणि सगळी चित्रं एकेक करून, सावकाश बघितली. मधल्या भिंतीशी आल्या तेव्हा तिथे एक नटलेल्या बाई उभ्या होत्या, कुणा विद्यार्थिनीची सासू असावी. त्या अक्कांना विचारत होत्या, “इथलं चित्र कुठे गेलं हो?”

“त्यो कामावर हाय,” अक्का म्हणाल्या. “बोलावलंतं. काम सोडून येत न्हाय म्हटला.”

बाईंना काही समजलं नाही. त्या हसायचं म्हणून हसल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या मामींकडे वळल्या. मामी त्या मोकळ्या भिंतीकडे बघत होत्या.

“लई कामाचा हाय त्यो,” मामी म्हणाल्या. “सणावारीसुदिक कधी न्हाय म्हटला न्हाय.”

“अगंबाई, तुमच्या ओळखीतला का?”

मामींनी पदर नीट केला.

“माझा थोरला,” त्या म्हणाल्या.